धंदापाणी : मंदीतली वही आणि मंदीतली झोप

या खेपेला सोलापूरहून आलेली सहा पत्रं एकत्र घेतली आहेत. धंदे वेगवेगळे, पण प्रत्येक पत्र फिरून एकाच जागी येतं: बाजार थंड असताना धीर धरायचा कसा? पत्रलेखकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. ‘सकारात्मक राहा’ एवढंच सांगून आम्ही मोकळे होणार नाही. ते सांगणारे मेसेज सूर्योदयाच्या फोटोसकट सकाळी सहालाच तुमच्या फोनवर येऊन पडलेले असतात.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टेरी टॉवेलचे ८ माग आहेत. दिवाळीनंतर ऑर्डर निम्म्यावर आली. सध्या ४ माग चालतात, महिन्याला अडीच हजार किलो माल निघतो. पार्टी भाव पाडून मागते. रात्री दोनला जाग येते आणि डोक्यात एकच चक्र सुरू: चालवू की बंद करू? आकडे सोबत पाठवले आहेत.

रात्री दोनला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर रात्री दोनला मिळत नाही, कारण तेव्हा समोर वही नसते. आकडे पाठवलेत हे बरं केलंत. त्यावरच बोलू.

तुमचा भाव किलोला ३६० रुपये. त्यातून वेस्टेजसकट सूत २३६, विणकराची मजुरी ३८, ब्लीचिंग-डाइंग ४०, शिलाई आणि पॅकिंग १२, मागाची वीज ४. बेरीज ३३०. म्हणजे किलोमागे हातात राहतात ३० रुपये. आता माग चालो न चालो, जे द्यावंच लागतं ते: शेडचं भाडं ३२ हजार, बँकेचा हप्ता ३८ हजार, जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा) आणि दिवाणजी मिळून ३० हजार, विजेचा स्थिर आकार आणि किरकोळ १० हजार. एकूण १ लाख १० हजार. याला ३० ने भागलं की सुमारे ३,६७० किलो येतात. महिन्याला एवढा माल गेला तर ना नफा ना तोटा.

तुम्ही अडीच हजार किलोवर आहात. किलोला ३० प्रमाणे ७५ हजार सुटतात, ३५ हजारांची तूट. बंद ठेवलंत तर तूट अख्खे १ लाख १० हजार. मग चालवावं हे उघड आहे, असं वाटेल. पण तुमच्या हिशेबात एक खर्च लिहिलेलाच नाही: उधारीचं व्याज. पार्टी ९० दिवसांनी पैसे देते. किलोमागे तुमचे ३३० रुपये तीन महिने अडकतात. सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर तीन महिन्यांचे ३ टक्के, म्हणजे किलोला ९ रुपये ९० पैसे. हे लिहिल्यावर शिल्लक ३० वरून २० वर येते आणि महिन्याची तूट ६० हजारांवर जाते. बंदपेक्षा चालू अजूनही परवडतं, पण वाटलं होतं तितकं नाही.

यातून तुमची खालची रेघ सापडते. रोखीने ३३० च्या खाली, ९० दिवसांच्या उधारीने ३४० च्या खाली माल द्यायचा नाही. ३४० ला उधारीवर विकलेला प्रत्येक किलो हा फक्त माग चालू असल्याचा आवाज ऐकण्यासाठी विणलेला माल आहे, आणि वर पैसे बुडण्याची जोखीम. हीच गोष्ट उलटी वापरा. पार्टी ३५० मागत असेल तर ‘३५२ ला देतो, पण माल उचलताना रोख’ असं सांगा. ३५२ रोख हे ३६० उधारीपेक्षा तुम्हाला किलोला जवळजवळ २ रुपयांनी जास्त पडतं. भाव पाडून घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणताना जीव घाबरा होतो, तो रेघ ठाऊक नसल्याने. आकडा शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. सूत बदललं की पुसून नवा लिहा.

तुम्ही आणखी एक विचारलंय: ४ माग रोज चालवावेत की आठही माग आठवड्यातले तीन दिवस? चारच चालवा. आठ मागांवर ग्राउंड (मूळ विणीचे) आणि पाइल (वरच्या लूपचे) मिळून सोळा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, चढतात आणि तेवढं सूत मागावरच अडकून बसतं. मंदीत मागावर अडकलेलं सूत म्हणजे व्याज खाणारा पाहुणा. बंद मागांवरचे बीम उतरवून झाकून ठेवा, फणीला गंज चढणार नाही हे बघा, आठवड्यातून एकदा तेल देऊन माग हाताने फिरवा. नाहीतर ऑर्डर येईल त्या दिवशी जॉबर दुरुस्तीत अडकेल.

जो माल तुम्ही नगावर विकता तिथे वजनाकडेही बघा. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) टॉवेल ४५० ग्रॅमचा. पाइल बीमचा ताण सैल झाला की लूप उंच येतो आणि टॉवेल ४७० वर जातो. हाताला कळत नाही, गिऱ्हाइकालाही नाही. पण २० ग्रॅम सूत म्हणजे ४ रुपये ७२ पैसे, आणि एका टॉवेलमागे तुमची शिल्लकच साडेतेरा रुपये. तिचा तिसरा हिस्सा असा हवेत जातो. दर पाळीला प्रत्येक मागाचे १० टॉवेल एकत्र तोला आणि आकडा मागावर लटकवलेल्या पुठ्ठ्यावर लिहा. वाढ दिसली की त्याच पाळीत ताण बघायचा, महिनाअखेर नाही.

आता झोपेचं. एका कागदावर पुढचे आठ शनिवार आडवे लिहा. प्रत्येकाखाली दोन आकडे: त्या आठवड्यात नक्की येणारे पैसे आणि नक्की जाणारे. ‘पार्टी म्हणाली, बघतो’ हे येणाऱ्यांत धरायचं नाही, तारीख मिळालेलीच रक्कम धरायची. साधारण असं दिसतं: पहिले तीन शनिवार ठीक, चौथ्याला हप्ता आणि जीएसटी एकत्र आल्याने ५० हजार कमी, पाचवा ठीक. मग काळजी ‘धंद्याचं काय होणार’ एवढी अफाट राहत नाही. ती ‘चौथ्या शनिवारचे ५० हजार’ एवढी होते, आणि त्यासाठी आजपासून काहीतरी करता येतं: एखादं बिल आधी मागणं, सुताच्या व्यापाऱ्याकडून आठ दिवस वाढवून घेणं. सुताच्या व्यापाऱ्याला चौथ्या शनिवारी सांगितलंत तर तो चिडेल. आज सांगितलंत तर बहुतेक वेळा हो म्हणेल.

विणकरांनाही पुढच्या आठवड्याचं काम शनिवारीच सांगा, कमी असलं तरी. रोज सकाळी ‘आज माग आहे का’ विचारायला यावं लागणारा चांगला विणकर महिन्याभरात दुसरीकडे जातो, आणि तेजी आल्यावर तो परत मिळत नाही.

प्रश्न : मी घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. हाताखाली दोन बायका आहेत. दुकानदार म्हणतात, समोरची पार्टी स्वस्त देते, तुम्हीही दहा टक्के कमी करा. चटणी ३२० रुपये किलो देते, मला २४० ला पडते. भाव कमी केला तर खप वाढेल का? हल्ली कामाला उत्साहच वाटत नाही.

ताई, आधी पाटी-पेन्सिल घ्या. आज किलोला ८० सुटतात. दहा टक्के म्हणजे ३२ रुपये कमी केलेत की सुटणार ४८. पूर्वीएवढेच पैसे घरात यायला खप दोन-तृतीयांशाने वाढायला हवा: ३० किलो जात असेल तर ५० किलो. मंदीत ५० किलो जाणार आहे का? आणि गेली, तरी ती कुटायला हात कुठून आणणार? उत्साह जाण्याचं एक कारण इथेच असतं, जास्त राबून तेवढेच पैसे. भाव कमी करू नका.

त्याऐवजी पाकीट लहान करा. २०० ग्रॅमचं पाकीट ६४ रुपयांना देत असाल तर १०० ग्रॅमचं ३५ ला ठेवा. महिन्याचा किराणा आखडता घेणारं गिऱ्हाईक चटणी सोडत नाही, मोठं पाकीट सोडतं. पाकिटाचा खर्च वाढतो म्हणून ३२ नाही, ३५.

समोरची पार्टी स्वस्त कशी देते हेही बघा. शेंगदाण्यात फुटाण्याची डाळ मिसळली की चटणी स्वस्त होते, पण ती कोरडी, भुरभुरीत लागते आणि तेल सुटत नाही. तुमची चटणी कुटलेली असेल तर दोन बोटांत दाबल्यावर तेल दिसतं. दुकानदारासमोर दोन्ही पाकिटं फोडून दाबून दाखवा. बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

परत येणाऱ्या मालाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण खरं दुखणं तिथे असावं असं वाटतं. महिन्याला ४ किलो परत येत असेल तर ९६० रुपये गेले, म्हणजे १२ किलो चटणीची कमाई गेली. चटणीला खवट वास तीन कारणांनी येतो. एक, दाणे मोठ्या आचेवर भाजले की बाहेरून डागाळतात आणि आत ओल राहते. मंद आचेवर सारखं हलवत भाजा, गार झालेला दाणा चावला की कुरकुरीत तुटला पाहिजे. दोन, लसूण. ओला लसूण तसाच कुटला की त्याचं पाणी चटणीत उतरतं. सोलून पंख्याखाली सुकवून घ्या. तीन, गरम असतानाच पाकीट बंद करणं. आत वाफ धरते आणि दोन दिवसांत गुठळ्या होतात. कुटल्यावर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. शिवाय पारदर्शक पाकीट दुकानाच्या दारात उन्हात टांगलं की तेल लवकर बिघडतं, म्हणून दुकानदाराला आतल्या फळीची जागा मागा. पाकिटावर तारीख, निव्वळ वजन, हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक नसेल तर मोठं दुकान माल ठेवणारच नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

कडक भाकरीचं वेगळं. ती पूर्ण वाळली की टिकते, पण वाटेत मोडते. मोडलेल्या भाकरीचं काय करता ते लिहिलेलं नाही. चुरा करून चटणीसोबत ‘कुस्करा’ म्हणून लहान पाकिटात देऊन बघा. पहिल्या महिन्यात पाच दुकानांतच.

प्रश्न : आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा लहान कारखाना आहे. बाहेरगावच्या एका होलसेलरकडे जूनपासून ४ लाख ६० हजार अडकले आहेत. फोन केला की ‘पाठवतो, पाठवतो’. जास्त ताणलं तर पुढच्या सीझनची ऑर्डर जाईल. दुसऱ्याच्या पैशासाठी आपणच तोंड लपवून फिरतोय असं झालंय.

जूनचा माल आणि अजून पैसे नाहीत, तर ती ऑर्डर कशाला म्हणायची? तुम्ही त्या माणसाला बिनव्याजी कर्ज देत आहात, आणि त्या बिलांवरचा जीएसटीही तुम्ही खिशातून भरून बसला आहात. पुढच्या सीझनला तो पुन्हा तुमच्याकडेच येईल, कारण असा उधार देणारा त्याला दुसरा मिळणार नाही. हे ओळखलंत की फोनवरचा आवाज आपोआप बदलतो.

मागणी कशी करता यावर पुष्कळ अवलंबून असतं. ‘काहीतरी पाठवा की’ म्हटलं की काहीच येत नाही. आधी बिलवार खातेउतारा तयार करा: तारीख, बिल क्रमांक, रक्कम, किती दिवस झाले. तो ईमेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘एवढी बाकी बरोबर आहे का, कळवा’ एवढंच विचारा. पैशाचं बोलू नका. ‘बरोबर आहे’ असं लेखी उत्तर आलं की पुढे तो ‘माल खराब होता’ म्हणू शकत नाही. शिवाय दाव्याची तीन वर्षांची मुदत अशा सहीनिशी दिलेल्या लेखी कबुलीपासून नव्याने मोजली जाते. त्यामुळे जमल्यास उताऱ्याच्या प्रतीवर सही-शिक्का मागवा. मग मालकाला नाही, त्याच्या हिशेबनिसाला सकाळी अकराच्या सुमारास फोन करा आणि सगळ्यात जुनं एकच बिल मागा, क्रमांक सांगून. ठरावीक वार, ठरावीक रक्कम: दर शुक्रवारी ५० हजार. एक शुक्रवार चुकला तर त्याच संध्याकाळी फोन, चार दिवसांनी नाही. आणि जुनं एक बिल मिटल्याशिवाय नवं पार्सल ट्रान्सपोर्टला टाकायचं नाही.

कायदा तुमच्या बाजूने बराच आहे, पण उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर. ती मोफत आहे, आधारवर होते. एजंटला पैसे देऊ नका. तुम्ही उत्पादक आहात म्हणून उशिराच्या पेमेंटचं संरक्षण तुम्हाला मिळतं, नुसत्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही. नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. नंतर काढली तर जुन्या बिलांबाबत वाद उभा राहतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा. तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाते. तिथे आधी समेट, न जमल्यास लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिले असले तरी प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरूनच चाला. मात्र निकाल विरुद्ध गेल्यावर खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून निकालापेक्षा नोटिशीचाच धाक मोठा.

तिथवर जाण्याआधी दोन गोष्टी सौम्य भाषेत सांगता येतात. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं मुदत टळलेलं देणं ३१ मार्चपर्यंत दिलं नाही तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येत नाही. ज्या वर्षी देईल त्या वर्षी दाखवता येतो. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आहे. दुसरं, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास त्याने घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. जूनच्या बिलांचे १८० दिवस डिसेंबरात भरतात. या दोन्ही गोष्टी पत्रात लिहा आणि ते त्याच्या सीएच्या हाती पडेल अशा बेताने पाठवा. पुष्कळदा मालकाला जे समजत नाही ते त्याचा सीए समजावतो.

पुढच्या तारखेचा चेक दिलाच तर चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी पैसे नाहीत तर त्यापुढे एक महिन्यात फौजदारी तक्रार. ‘आठ दिवसांनी पुन्हा टाका’ या गोड बोलण्यात ही मुदत निघून जाते आणि खटला दुबळा होतो.

प्रश्न : नवी पेठेत कापडाचं लहान दुकान आहे. टर्म लोनचे दोन हप्ते थकले, बँकेत जायची लाज वाटते. एकजण म्हणतो, दहा हजार घे आणि रोज शंभर दे, शंभर दिवसांत फिटेल. घ्यावं का?

घेऊ नका. दहा हजार म्हणतो, पण हजार आधी कापून नऊच हाती देतो. रोजच्या शंभराने मुद्दल दर दिवशी उतरत जातं, म्हणजे सरासरी साडेचार हजारच तुमच्याकडे असतात आणि त्यावर हजार रुपये व्याज, तेही शंभर दिवसांत. वर्षाच्या दराने हे ७५ टक्क्यांच्या पुढे जातं. कापडाच्या कुठल्या धंद्यात एवढा नफा आहे?

लाज बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात बँकेत जा. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते बुडीताकडे झुकलेलं धरते. त्याआधी ३०, ६० आणि ९० दिवसांचे टप्पे बँक स्वतः नोंदवत असते, त्यामुळे तुमची अडचण मॅनेजरला तुमच्या आधीच ठाऊक आहे. ९० च्या आत गेलात तर मुदत वाढवणं, हप्ता लहान करणं शक्य असतं. लहान उद्योगांची अडचणीतली खाती सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेची चौकट आहे आणि कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. जाताना तीन कागद न्या: सहा महिन्यांची विक्री महिनावार, आज दुकानात असलेल्या मालाची खरी यादी, आणि ‘मी दरमहा इतके नक्की भरू शकतो’ असा एक आकडा. हा आकडा छातीठोक नको, खरा हवा. नव्या हप्त्यातलाही पहिलाच चुकला तर पुन्हा कोणी ऐकत नाही. मालाच्या यादीत दोन वर्षं न खपलेल्या साड्या जुन्या भावाने दाखवायच्या नाहीत. त्या साड्या आधी निम्म्या भावात काढा, आलेले पैसे हप्त्यात घाला.

घरखर्चासाठी गल्ल्यात हात घालणं बंद करा. महिन्याची रक्कम ठरवून एक तारखेला पगारासारखी घरी द्या. मुलांना आइस्क्रीमला दिलेले पन्नास रुपयेही त्यातूनच.

प्रश्न : आमच्या ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. चार महिन्यांपासून धंदा नाही. रात्रभर जागे असतात, जेवण अर्धं टाकून उठतात, कोणाशी बोलत नाहीत. परवा म्हणाले, मी नसलो तर तुमचे हाल तरी संपतील. मी त्यांना सकारात्मक कसं करू?

ताई, हे धंद्याचं पत्र नाही, म्हणून आधी दुसरंच सांगतो. ‘मी नसलो तर’ हे वाक्य हलक्यात घेऊ नका आणि ‘असं अशुभ बोलू नका’ म्हणून थांबवूही नका. आजच शेजारी बसून सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं ठेवू नका, गोळ्या, फवारणीची औषधं, दुकानातली ॲसिडसारखी रसायनं हाताशी राहणार नाहीत असं बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तातडीला तिथली कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि तुम्ही स्वतःही त्यांच्या वतीने फोन करू शकता.

झोप नाही, भूक नाही, माणसं नकोशी, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. ‘मन घट्ट करा’ म्हणून तो उतरत नाही, जसा मलेरिया उतरत नाही. डॉक्टरकडे यायला तयार नसतील तर ‘झोपेसाठी दाखवून येऊ’ म्हणा, ते खोटंही नाही. औषधांचा असर दिसायला दोन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून मध्येच सोडून देतात, तिथे घसरण होते.

दुकानाचं आत्ता एवढंच: कर्जवाल्यांचे फोन काही दिवस तुम्ही किंवा दीर-भाऊ घ्या, पण वह्या त्यांच्या हातातून एकदम काढून घेऊ नका. सगळंच काढून घेतलं की ‘माझा उपयोगच नाही’ हे त्यांना आणखी खरं वाटेल. दिवसाचं एक लहान काम त्यांच्याकडे राहू द्या, एका फळीवरचा माल मोजणं एवढं पुरे. आणि देणी किती आहेत त्याचा आकडा दोघांनी मिळून, सकाळी, चहा घेताना कागदावर काढा. तो बहुतेक वेळा मनातल्या आकड्यापेक्षा लहान निघतो. मोठा निघाला तरी तो मग दोघांचा असतो.

प्रश्न : चादरीच्या उरलेल्या कापडापासून पिशव्या शिवतो. मंदी आहे, पण गड्ड्याच्या यात्रेत (संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) स्टॉल घ्यावा असं मनात आहे. घ्यावा का?

भाडं विचारून या, मग भागाकार करा. समजा १५ दिवसांचं भाडं ३० हजार, दोन मदतनीस रोजचे ५०० प्रमाणे १५ हजार, टेम्पो आणि लाइट ३ हजार. झाले ४८ हजार. पिशवीमागे ४० रुपये सुटत असतील तर १,२०० पिशव्या गेल्यावर तुम्ही शून्यावर. दिवसाला ८०, आणि गर्दी खरी संध्याकाळी पाच ते दहा, म्हणजे ताशी १६.

संक्रांतीच्या दिवसांत लोक नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी आलेले असतात, खरेदीला नव्हे. यात्रा भरते त्या होम मैदानावरची गर्दी पाळण्यांकडे आणि खाण्याकडे वळते ती नंतर. पाळण्याच्या रांगेजवळची जागा मिळाली तर ताशी १६ जमू शकतात, मागच्या गल्लीत नाही. एक लहान आकाराची, ६० रुपयांच्या आतली पिशवी पुढे टांगा, मोठ्या मागे ठेवा. सुट्टे पैसे आणि क्यूआर कोडसाठी एक माणूस वेगळा बसवा. पिशवी दाखवणाऱ्यानेच पैसे मोजायचे असतील तर सातच्या गर्दीत ताशी १६ चे आठ होतात.